मुलांच्या चष्म्याचा वाढता नंबर आणि आपल्या शहरांतली मैदाने

नेरूळकर (धागाकर्ता)

माझी मुलगी तिसरीत असताना तिला पहिला चष्मा लागला. आता ती पाचवीत आहे आणि तिच्या तपासणीच्या कार्डावर दोन्ही डोळ्यांपुढे उणे अडीच असे लिहिलेले आहे. या नंबराचे गणित सरळ आहे. एक मीटरला नंबराने भागले, की चष्म्याविना किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते ते कळते. उणे अडीच म्हणजे चाळीस सेंटिमीटर. चष्मा काढून ती जेवायला बसली, तर ताटातला भात तिला नीट दिसतो, पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आजीचा चेहरा दिसत नाही. आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या सोसायटीत तिच्या वयाच्या अनेक मुलांची हीच स्थिती आहे, आणि आम्ही पालक एकमेकांना भेटलो की चष्म्याच्या फ्रेमबद्दल बोलतो, कारणांबद्दल बोलत नाही.

कारणांविषयी जे वाचले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हा विषय जितका नेत्रतज्ज्ञांचा आहे तितकाच महापालिकेचा आणि शहराची आखणी करणाऱ्यांचाही आहे. मायोपियात, म्हणजे निकटदृष्टितेत, बहुतेक मुलांचे बुबुळ बिघडलेले नसते, तर डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. ही लांबी वाढू नये यासाठी सर्वांत स्वस्त आणि बऱ्यापैकी सिद्ध झालेला उपाय कोणता, तर मुलाने दिवसाउजेडी घराबाहेर असणे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, तर बाहेर ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. त्यासाठी औषध लागले नाही आणि उपकरणही लागले नाही. लागली ती मोकळी जागा आणि वेळापत्रकातली एक तासिका.

आता ही मोकळी जागा आपल्याकडे कोठे आहे ते पाहू. आमच्या सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, हिरवळ आहे, पण तिच्या कडेला ‘येथे चेंडूचे खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे. शाळेला मैदान आहे, पण शाळा सुटताच त्याचे फाटक बंद होते. आणि शहराच्या पातळीवर पाहिले, तर घणसोलीचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेथे २००३ साली शासकीय क्रीडासंकुलासाठी सुमारे वीस एकर जागा ठरवण्यात आली होती. २०१६ मध्ये ती जागा बांधकामासाठी देण्याकडे पावले पडली आणि २०२१ मध्ये ते संकुल रायगड जिल्ह्यातल्या माणगावला, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक दूर, हलवण्याचा निर्णय झाला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. घणसोलीचे सहावीतले मूल सराव करण्यासाठी माणगावला कसे जाणार, हा प्रश्न हलवाहलवी करणाऱ्या कोणाच्याही मनात आला नसेल का?

मुलांची नजर जवळची होत चालली आहे आणि शहराचे निर्णय घेणाऱ्यांचीही नजर जवळचीच आहे. या दोहोंत कार्यकारणाचा धागा आहे, असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी दुरुस्ती करावी आणि भर घालावी.

दृष्टिमापक

मी ठाण्यात नेत्रतपासणीचे काम करते, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहिते.

नेरूळकर, तुमचे विवेचन बरोबर आहे, परंतु त्यात एक भेद करायला हवा. बाहेरच्या उजेडाचा उपयोग मायोपिया सुरू होऊ न देण्यासाठी किंवा तो लांबणीवर टाकण्यासाठी झाल्याचे पुरावे भक्कम आहेत. एकदा नंबर लागल्यानंतर तो वाढण्याचा वेग उजेडाने किती कमी होतो, याविषयीचे पुरावे त्या मानाने कमजोर आहेत. याचा अर्थ चष्मा लागलेल्या मुलीला बाहेर पाठवू नये असा होत नाही. तिच्या धाकट्या भावंडाला मात्र तिच्याहूनही अधिक आग्रहाने पाठवावे, एवढाच होतो. मायोपिया सातव्या वर्षी सुरू होणे आणि तेराव्या वर्षी सुरू होणे यांत फार अंतर आहे, कारण डोळा साधारणपणे वयाच्या विशीपर्यंत लांबत राहू शकतो. जितकी लवकर सुरुवात, तितकी वाढीला अधिक वर्षे मिळतात.

उजेडाविषयी आणखी थोडे. वर्गात किंवा घरात दिवे लावून साधारण तीनशे ते पाचशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड मिळतो, तोही सगळीकडे नाही. उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो, झाडाच्या सावलीतही तो काही हजार असतो, आणि आपल्या पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड घरातल्या उजेडाच्या अनेक पट असतो. प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामाइन हे रसायन अधिक स्रवते आणि त्यामुळे डोळ्याच्या लांबीला आळा बसतो, असे स्पष्टीकरण आज सर्वाधिक मान्य आहे. म्हणजे मुलाने धावलेच पाहिजे असे नाही, बाकावर बसून गप्पा मारल्या तरी चालते. मात्र ते दिवसाच असायला हवे. हल्ली आमच्याकडे येणारे अनेक पालक अभिमानाने सांगतात की, मूल रोज टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर, खेळते. वेळ विचारली, की क्लास सुटल्यानंतर, रात्री आठ वाजता, असे उत्तर येते. फ्लडलाइटखाली खेळल्याने व्यायाम होतो आणि झोपही चांगली लागते, परंतु डोळ्याच्या दृष्टीने तो उजेड दिवसाच्या उजेडाची जागा घेऊ शकत नाही.

दूरदृष्टीचा मुद्दा तुम्ही शहरापुरता मांडला आहे. मला तो घरापर्यंत आणावासा वाटतो. ‘आता चष्मा लावू द्या, अठरा वर्षांची झाली की लेझर करून टाकू’ हे वाक्य मी फार वेळा ऐकते. लेझरच्या शस्त्रक्रियेत बुबुळाचा आकार बदलतो. लांबलेला डोळा त्याने आखूड होत नाही. डोळ्याची लांबी एक मिलिमीटर वाढली की नंबर साधारण अडीच ते तीन वाढतो, आणि प्रौढ माणसाचा डोळा एरवी चोवीस मिलिमीटरच्या आसपास असतो, यावरून किती सूक्ष्म वाढीने किती फरक पडतो ते लक्षात येईल. उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यात दृष्टिपटल ताणून पातळ होते. पुढे चाळिशी-पन्नाशीत पडदा सरकणे, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज, काचबिंदू, लवकर येणारा मोतीबिंदू यांची जोखीम वाढते. चष्मा गेला तरी ही जोखीम तशीच राहते. म्हणून आठव्या वर्षी पालक ज्याला ‘नुसता नंबर’ म्हणतात, त्याचा हिशेब पन्नासाव्या वर्षी द्यावा लागतो.

‘डॉक्टर, नंबर थोडा कमीच द्या, डोळ्याला सवय लागायला नको’ ही दुसरी विनंती. कमी नंबर दिल्याने वाढ थांबते, हा समज चाचणीत टिकलेला नाही. मलेशियातल्या एका अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, जाणूनबुजून कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा अधिक वेगाने वाढला. लहान मुलांची पहिली तपासणी थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच करावी. त्याविना मूल डोळ्यावर ताण देते आणि मशीन खऱ्यापेक्षा जास्त उणे नंबर दाखवते. थेंबांमुळे दुपारभर धूसर दिसते म्हणून पुष्कळ पालक ती तपासणी टाळतात. कृपया टाळू नये.

वाघबीळची आई

दृष्टिमापक ताई, फार उपयुक्त प्रतिसाद. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलात राहणारी एक आई म्हणून मला एक अडचण मांडायची आहे, जी मैदानांच्या चर्चेत क्वचितच येते.

आमच्या भागात एक मोकळा भूखंड आहे आणि तेथे मुले खेळतातही. पण ती सगळी मुले मुलगेच असतात आणि खेळही एकच असतो, क्रिकेट. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तेथे उभे राहायलाही जागा नसते. सीझन बॉलच्या भीतीने तिच्या मैत्रिणींच्या आयांनीही मुलींना पाठवणे बंद केले. मग मुली कोठे असतात? दुपारी पार्किंगमध्ये सायकल फिरवतात, म्हणजे छताखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात. आराखड्यात खेळाचे मैदान असा शिक्का बसला, की शहराची जबाबदारी संपते असे समजले जाते, परंतु त्या मैदानाच्या कडेने सावलीची झाडे, बसायला जागा, लहान मुलींना दोरीच्या उड्या मारता येतील असा एक कोपरा आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल, तर ते मैदान अर्ध्या मुलांसाठी अस्तित्वातच नसते.

वेळेचे तर विचारूच नका. शाळेची बस दुपारी उशिरा सोडते, त्यानंतर क्लास असतो, आणि क्लासहून मूल घरी येते तोवर अंधार पडलेला असतो. आमच्या मुलीच्या आठवड्यात सूर्यप्रकाशाला राखून ठेवलेला वेळ म्हणजे शाळेच्या फाटकापासून बसपर्यंतचे अंतर. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिला सकाळी येऊरला नेतो. तेथे गेल्यावर ती झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी शोधत राहते, तेव्हा आठवडाभर तिने इतक्या लांब पाहिलेलेच नाही, हे जाणवते.

उपवन

चर्चा चांगली चालली आहे, पण मला मूळ मांडणी पटलेली नाही, आणि ती का पटली नाही हे स्पष्टपणे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मैदान असलेल्या ठिकाणीही मुले मोबाइल घेऊन बसतात. आमच्या घराजवळ उपवन तलावाचा काठ आहे, मोकळी हवा आहे, आणि तरीही काठावर बसलेल्या प्रत्येक लहान मुलाच्या हातात फोन असतो. दुसरी गोष्ट म्हणजे आनुवंशिकता. आई-वडील दोघांनाही चष्मा असेल तर मुलाला लागण्याची शक्यता अधिक, हे कोणीही डॉक्टर सांगेल. तिसरी गोष्ट म्हणजे अभ्यासाचे ओझे. या तीन गोष्टी समोर असताना महापालिकेला जबाबदार धरणे म्हणजे घरातला प्रश्न घराबाहेर ढकलण्यासारखे आहे. शहराच्या आखणीत दूरदृष्टी नाही, हे मला मान्य आहे. ठाणे महापालिका १९८२ साली स्थापन झाली आणि आजही ठाण्याला स्वतःच्या मालकीचे धरण नाही. शेजारच्या नवी मुंबईने मोरबे धरण घेऊन ठेवले आणि आमचा घोडबंदर पट्टा उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतो. पण तो वेगळा विषय आहे. तो आणि मुलांचा चष्मा एकत्र बांधू नयेत.

नेरूळकर

उपवन, तुमच्या हरकतीचे स्वागत आहे. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, परंतु एका-दोन पिढ्यांत इतकी झपाट्याने झालेली वाढ केवळ आनुवंशिकतेने समजावता येत नाही, कारण माणसाची गुणसूत्रे तेवढ्या काळात बदलत नाहीत, राहणी बदलते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अंदाजानुसार, आहे हाच कल चालू राहिला तर २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकसंख्येला मायोपिया असेल आणि सुमारे दहा टक्के लोकांचा नंबर मोठा असेल. दिल्लीतल्या शालेय मुलांच्या पाहणीत, २०१५ साली, हे प्रमाण १३.१ टक्के आढळले होते. पूर्व आशियातल्या शहरांच्या तुलनेत ते अजून कमी आहे. म्हणजे आपल्या हातून वेळ गेलेली नाही.

हा प्रश्न घराबाहेरचा आहे असे मी का म्हणतो, याचे उत्तर तैवानकडे आहे. तेथे शाळकरी मुलांची अधू नजर वर्षानुवर्षे वाढत होती आणि २०११ पर्यंत जवळपास निम्म्या प्राथमिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली होती. २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याचा कार्यक्रम राबवला आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे केले. २०१५ पर्यंत ते प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास खाली आले. आकडा अजूनही मोठा आहे, पण वर जाणारी रेघ खाली वळली. हे प्रत्येक घराने आपापले पाहावे असे सांगून झाले नाही, तर शासनाने शाळांना सांगून झाले. मोबाइल मुलाच्या हातून काढून घेतल्यावर त्याला जायला जागा हवी, आणि ती जागा मी माझ्या पगारातून विकत घेऊ शकत नाही.

जुना वाशीकर

मी नगररचनेच्या कामात आयुष्य घालवले आणि आता निवृत्त होऊन वाशीत राहतो. नेरूळकरांनी आखणी करणाऱ्यांना दोष दिला आहे, म्हणून थोडा इतिहास सांगणे मला आवश्यक वाटते.

नवी मुंबईच्या मुळाशी दूरदृष्टी नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबई उत्तरेकडे लांबत राहण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे असा प्रस्ताव मांडला, आणि त्यातूनच पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे हे शहर उभारणाऱ्या शासकीय महामंडळाची, स्थापना झाली. सेक्टरची कल्पनाच अशी होती की, शाळा, बाजार आणि खेळाची जागा मुलाला पायी जाता येईल इतक्या जवळ असावी, वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. जुन्या वाशीच्या सेक्टरांत ती रचना आजही दिसते.

दूरदृष्टीचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण म्हणजे धारण तलाव. वाशी, नेरूळ, बेलापूर हा पट्टा खाडीलगतचा आणि सखल आहे. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शहरातल्या गटारांहून वर असते. अशा वेळी धो धो पाऊस झाला तर पाणी बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून डच पद्धतीने तलाव खोदले आणि त्यांच्या खाडीकडच्या तोंडाला एका बाजूनेच उघडणाऱ्या झडपा बसवल्या. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडप आपोआप मिटते, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडून ते खाडीत निघून जाते. पंपाविना, विजेविना. आपल्या खारजमिनीतल्या शेतकऱ्यांच्या बांधांना उघाडी असते, तिचे तत्त्वही हेच आहे.

आता पुढचे ऐका. या तलावांतला गाळ वेळच्या वेळी काढायचा होता, आणि तो वर्षानुवर्षे साचू दिला गेला. गाळावर कांदळवन उगवले. कांदळवनाला न्यायालयाचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. त्यामुळे आज गाळ काढायचा तर परवानगीची वाट पाहावी लागते, आणि तलावाची पाणी सामावण्याची क्षमता घटलेलीच राहते. पहिल्याच वर्षांत झाडे रोपांएवढी असताना जे काम सहज झाले असते, ते आता न्यायालयात गेल्याविना होत नाही. आखणाऱ्याने तीस वर्षे पुढचे पाहिले, सांभाळणाऱ्यांनी चालू वर्षाच्या अंदाजपत्रकापलीकडे पाहिले नाही.

मैदानांचेही असेच झाले. या शहराची उभारणी मुळात जमीन विकून आलेल्या पैशांतून व्हावी, अशी आर्थिक रचना होती. सुरुवातीला ती योग्यच होती, कारण त्यामुळे भावाचा फायदा दलालांऐवजी शहराला मिळाला. परंतु सिडकोसारख्या ज्या संस्थेचे उत्पन्न भूखंडविक्रीवर चालते, तिला मोकळा भूखंड कालांतराने न मिळालेल्या उत्पन्नासारखा दिसू लागतो. त्यातच नवी मुंबई महापालिका १९९२ साली स्थापन झाली आणि तिचा स्वतःचा पहिला प्रारूप विकास आराखडा नागरिकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०२२ साली. मधल्या तीस वर्षांत कोणती जागा कशासाठी राखायची, यावर महापालिकेचा शब्द अंतिम नव्हता. त्या काळात जन्मलेली मुले आता स्वतः आई-बाप झाली आहेत.

म्हणून उपवन यांना माझे नम्र सांगणे आहे की, पाणी, गाळ आणि मुलांचे डोळे हे विषय वेगळे असले तरी त्यांच्या मागची सवय एकच आहे. ज्याचे नुकसान दहा-वीस वर्षांनी दिसणार आहे, ते आज पुढे ढकलणे सर्वांना सोयीचे वाटते.

कळव्याच्या बाई

मी कळव्यातल्या एका शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळायला हवे, आणि लक्ष दिले तर ते कळतेही. असे मूल फळ्याकडे पाहून लिहीत नाही, शेजारच्या मुलाच्या वहीत पाहून लिहिते. डोळे बारीक करून पाहते, मान किंचित वाकडी करते. कित्येकदा ते खोडकर किंवा ‘ढ’ ठरते आणि शिक्षा म्हणून शेवटच्या बाकावर जाते, जेथून त्याला आणखीच कमी दिसते. मुले स्वतः तक्रार करत नाहीत, कारण सगळ्यांना असेच धूसर दिसत असेल असे त्यांना वाटत असते.

शाळेतल्या आरोग्य तपासणीची व्यवस्था कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. तपासणीचे पथक येते आणि ज्यांची नजर कमी आहे त्यांची नावे लिहून देते. अडचण त्यानंतर सुरू होते. चष्मा मिळाला तरी मुलींच्या घरी तो कपाटात राहतो. ‘आत्तापासून चष्मा लावला तर पुढे स्थळे कशी येतील’ हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीबद्दल मला विचारला गेला आहे. मी त्या आईला वर्गात शेवटच्या बाकावर बसवले, मुलीचा चष्मा आधी मुलीला लावून फळ्यावरचे वाचून घेतले आणि मग चष्म्याविना वाचायला सांगितले. मुलीला पहिली ओळही वाचता आली नाही. त्या दिवसापासून ती चष्मा लावून येते.

आणि एक मागणी आम्ही शिक्षकांनी स्वतःकडेच करायला हवी. खेळाचा तास हा पोर्शन पूर्ण करण्यासाठी हक्काने वापरला जाणारा तास झाला आहे. चाचणी जवळ आली की पहिला बळी त्याचाच जातो. ग्वांगझूचा आकडा वाचल्यावर तरी हे थांबायला हवे. माझ्या वर्गाचे पाढे आणि कविता मी आता पटांगणातल्या झाडाखाली घेते. त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची गरज पडली नाही.

उपवन

बाई, तुमचा प्रतिसाद वाचून बरे वाटले. पटांगणातला वर्ग हा उपाय मला नेरूळकरांच्या उपायापेक्षा अधिक पटतो, कारण तो उद्याच सुरू करता येतो. जुने वाशीकर काका, धारण तलावांविषयी मला इतके माहीत नव्हते, आभारी आहे.

दृष्टिमापक यांना दोन प्रश्न विचारतो. डोळ्यांचे व्यायाम, त्राटक, गाजराचा रस यांनी नंबर उतरतो असे आमच्याकडे अनेक जण सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे? आणि नंबर रोखणारे थेंब निघाले आहेत, ते द्यावेत का?

दृष्टिमापक

लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. चीनमधल्या शाळांत १९६३ पासून डोळ्यांचे व्यायाम सक्तीने करून घेतले जात आहेत, आणि त्याच काळात तेथील मायोपिया वाढतच गेला. गाजर खाणे चांगले, कारण अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो, पण नंबराशी त्याचा संबंध नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पालक बराच पैसा घालवतात. त्यांनी मायोपिया रोखला जातो, असे सिद्ध झालेले नाही.

थेंबांविषयी सावधपणे लिहिते. अ‍ॅट्रोपिन हे जुने औषध आहे आणि त्याच्या अतिशय सौम्य मात्रेने नंबर वाढण्याचा वेग काही मुलांत कमी होतो, असे सिंगापूर आणि हाँगकाँग येथील चाचण्यांत दिसले आहे. हाँगकाँगच्या चाचणीत ०.०१ टक्क्यापेक्षा ०.०५ टक्के मात्रा अधिक परिणामकारक ठरली. सिंगापूरला असेही दिसले की, मात्रा जितकी तीव्र, तितका थेंब बंद केल्यावर नंबर पुन्हा उसळण्याचा धोका अधिक. म्हणून कोणती मात्रा, किती वर्षे आणि कशी थांबवायची हे बालनेत्रतज्ज्ञानेच ठरवावे. ओळखीच्या मुलाला लागू पडले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. मायोपियाचा वेग कमी करणाऱ्या खास रचनेच्या चष्म्याच्या काचाही आता मिळतात. त्या महाग आहेत, त्यामुळे नंबर खरोखर वेगाने वाढत आहे का, हे आधीच्या कार्डांवरून पाहून मगच त्यांचा विचार करावा. तेवढ्यासाठी जुनी कार्डे टाकून देऊ नका. डोळ्याची लांबी मोजून घेण्याची सोय असेल तर तो आकडाही लिहून घ्या, नंबरापेक्षा तो अधिक खरे सांगतो.

वाघबीळची आई

माझ्या धाकट्याला अजून चष्मा नाही, तो साडेतीन वर्षांचा आहे. त्याची तपासणी कधी करावी? आणि वाशीकर काका, एखाद्या मैदानाचे आरक्षण बदलले जात आहे, हे आम्हाला वेळेत कसे कळावे? आम्हाला ते भूखंडाभोवती कुंपणाचे पत्रे लागल्यावरच कळते.

दृष्टिमापक

आताच करावी. अक्षरे येत नसली तरी चित्रांच्या तक्त्यावर तपासता येते. त्यानंतर दर वर्षी करावी, आणि थोरलीला चष्मा असेल तर त्याच्या बाबतीत एकही वर्ष चुकवू नये. घरात एक डोळा झाकून पाहण्याचा खेळ अधूनमधून घ्या. एकाच डोळ्याचा नंबर मोठा असेल, तर मूल दुसऱ्या डोळ्यावर सगळे निभावून नेते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जुना वाशीकर

पत्रे लागण्याच्या बऱ्याच आधी ते कळू शकते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ नुसार मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर राजपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत असते. अशी सूचना स्थानिक वृत्तपत्रांतही येते, पण ती निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींत बारीक अक्षरांत दडलेली असते आणि आपण ते पान उलटून पुढे जातो. सोसायटीने हे काम एखाद्या ज्येष्ठ नागरिकाकडे सोपवावे. आम्हा निवृत्तांकडे सकाळचा वेळ असतो. हरकत लेखी द्यावी, तिच्यात भूखंड क्रमांक, सेक्टर आणि आराखड्यातले आरक्षण यांचा उल्लेख करावा, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवावी आणि सुनावणीला बोलावले तर जावेच. सुनावणीला खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की विरोध नाही असे गृहीत धरले जाते.

हरकतीत मैदानाच्या गरजेचे कारण लिहिताना आपण ‘मुलांना खेळायला जागा नाही’ एवढेच लिहितो. आता त्यासोबत ग्वांगझूचे आणि तैवानचे आकडेही जोडावेत. दृष्टिमापक यांनी त्याचा एक पानाचा मसुदा करून दिला, तर मी त्यात कायद्याची बाजू भरून देईन.

दृष्टिमापक

जरूर. या आठवड्यात लिहून येथेच टाकते. कळव्याच्या बाईंनी त्यात शाळेच्या वेळापत्रकाविषयी एक परिच्छेद घालावा, अशी विनंती आहे.

नेरूळकर

मसुदा आला की मी तो आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर पोडियमवरची पाटी काढण्याचा विषयही घेण्याचे पत्र काल सचिवांना दिले आहे. दुपारी चार ते सहा या वेळेत दहा वर्षांखालील मुलांना मऊ चेंडूने खेळू द्यावे, असा तो प्रस्ताव आहे. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांची काचांबद्दल हरकत आहे आणि ती रास्त आहे, म्हणून त्या बाजूला जाळी लावण्याचा खर्च आम्ही चष्मा लागलेल्या मुलांच्या पालकांनी आपसांत वाटून घ्यायचे ठरवले आहे.